विसरणं कुठवर साधं आणि कुठून काळजीचं?

खिडकीची_जागा (मुलुंड)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच.

माझं वय ४८. वर्षभर नावं अडकायला लागली आहेत. ऑफिसात रोज समोर बसणाऱ्या माणसाचं नाव ओठांवर येतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. फ्रीज उघडते आणि कशासाठी उघडला ते आठवत नाही. हे झालं माझं.

खरी काळजी आईची. ती ७५ वर्षांची, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. एकच गोष्ट दोन-दोनदा विचारते. "गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय" म्हटलं की "हो" म्हणते, आणि गुरुवारी गेले तर साधी साडीही बदललेली नसते. सोसायटीच्या भिशीची वही कित्येक वर्षं तिच्याकडे होती, ती तिने दिवाळीनंतर "आता डोकं चालत नाही" म्हणून दुसऱ्या काकूंना देऊन टाकली. पुण्याचा भाऊ म्हणतो, वय झालं, इतकं चालायचंच. पण माझी मावशी शेवटी पोटच्या मुलांना ओळखत नव्हती. त्यामुळे माझ्या पोटात गोळा.

दाखवायचं कधी, कुणाला, आणि आपल्या वयाच्यांनी आत्तापासून काय करावं? व्हॉट्सअ‍ॅपवरचे बदाम-अक्रोड वाचून झालेत, ते पुन्हा नकोत ही विनंती.

चिंचगूळ

फ्रीजला +१. मी तर कपाट उघडून चष्मा शोधत होते, चष्मा डोक्यावर.

४८ म्हणतेस म्हणून विचारते, पाळी अनियमित झालीये का? रजोनिवृत्तीच्या आसपास असं धुकं बऱ्याच जणींच्या डोक्यात येतं. त्यात रात्री घाम फुटून झोप मोडते, दुसऱ्या दिवशी काय आठवणार कप्पाळ? माझ्या गायनॅकने हेच सांगितलं. वर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला लावलं. थायरॉइड निघालाच. गोळी सुरू झाल्यावर फरक पडला.

कट्ट्यावरचा_बाळू

डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांचे नंबर बदलले तेव्हा अख्खी मुंबई चार दिवस जिन्यावर उभी राहून डोकं खाजवत होती. त्या हिशोबाने शहरच न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायला हवं. गंमत केली, दिवा घ्या, ताई.

नाडी_बघू

मी फिजिशियन आहे. इथे निदान करणार नाही, कुणी करू पण नये. दवाखान्यात जे दिसतं तेवढं सांगतो.

"डॉक्टर, मी फार विसरतो" म्हणून जो स्वतःच्या पायाने येतो, त्याची मला सहसा कमी काळजी वाटते. त्याचं बहुतेक वेळा लक्ष नसतं, झोप नसते किंवा मन थाऱ्यावर नसतं. ज्याला घरचे हाताला धरून आणतात आणि जो "मला काय धाड भरलीये" म्हणतो, तिथे मी खुर्ची पुढे ओढतो. हा काही नियम नाही, अंदाज आहे. नाव अडकणं आणि तासाभराने आंघोळ करताना अचानक आठवणं हे वयाबरोबर येतंच. आयुष्यभर हातात बसलेलं काम अडायला लागलं तर मात्र थांबू नका. तीस वर्षं पुरणपोळ्या करणारी बाई पुरण शिजवताना आधी काय आणि मग काय यात गोंधळते. बँकेतली सही जुळत नाही. रोजच्या भाजीवाल्याकडून घरी यायचा रस्ता चुकतो. सकाळी काय झालं ते अजिबातच आठवत नाही, आठवण करून दिली तरी नाही.

आता आईंचं. भिशी सोडली ही बारीकशी गोष्ट नाही, बरं झालं लिहिलीत. पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) या शब्दावर उडी मारण्याआधी दुरुस्त होणारी कारणं बघायची असतात, आणि ती आपल्याकडे भरपूर सापडतात. बी १२ पहिलं, त्यातही शाकाहारी असतील आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर नक्की. थायरॉइड. सोडियम, कारण बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर वयस्कर माणसांत ते घसरतं आणि माणूस गुंगल्यासारखा होतो. नैराश्य, जे या वयात रडण्यातून कमी आणि "कशातच रस नाही" यातून जास्त दिसतं. आणि औषधं! मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं, त्यानेही म्हातारी माणसं गोंधळतात. घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. फाइलपेक्षा ती पिशवी मला जास्त सांगते.

दोन बाबतींत थांबायचं नसतं. दोन-तीन दिवसांत एकदम गोंधळ उडाला, वेळकाळ कळेना, भास व्हायला लागले, तर तो बहुधा डिमेन्शिया नसतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दुसरं, बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला, तेव्हा काही वाटलं नाही, आणि काही आठवड्यांनी माणूस सुस्त आणि बावचळल्यासारखा झाला, तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. ते शस्त्रक्रियेने काढता येतं.

कुणाला दाखवायचं? आधी नेहमीच्या फिजिशियनला, मग गरज पडली तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. केईएम, नायर, सायन तिन्हीकडे न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा आणि डबा न्या. तिथे ३० गुणांची एक छोटी चाचणी घेतात, तारीख-वार, शब्द लक्षात ठेवणं, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणं वगैरे. घरी आधी सराव करून घेऊ नका, बोर्डाची परीक्षा नाही ती.

आणि एक विचारायचं राहिलं. आईंना ऐकू नीट येतं का?

खिडकीची_जागा

डॉक्टर, शेवटच्या प्रश्नाने थबकले. टीव्हीचा आवाज आमच्या मजल्यावर येतो. बेल वाजली तरी उठत नाही, वॉचमन म्हणतो आजी झोपल्या होत्या. फोनवर सगळ्याला "हो हो" म्हणते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाकडेच गेली नाही, "त्या सगळ्या एकदम बोलतात, मला काय कळतंय" म्हणाली. आम्हाला वाटलं गुडघे.

आकडेबहाद्दर

डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल याच विषयावर आहे. बदलता येण्यासारखे १४ धोके त्यात धरलेत आणि त्या सगळ्यांवर काम झालं तर जगातली सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाची प्रकरणं टळतील किंवा पुढे ढकलली जातील असा हिशोब आहे. २०१७ मध्ये धोके ९ होते, २०२० मध्ये १२. आता अधू नजर आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, यांची भर पडली.

त्या यादीत सर्वांत वजनदार दोन: बहिरेपण आणि एलडीएल, ७-७ टक्के. मग लहानपणीचं तोकडं शिक्षण आणि म्हातारपणीचा एकटेपणा, ५-५. बाकी बीपी, मधुमेह, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बैठं आयुष्य, नैराश्य, डोक्याला मार आणि प्रदूषण.

पण ४५ टक्के म्हणजे "मी सगळं पाळलं तर मला ४५ टक्के कमी" असं नव्हे. हा अख्ख्या लोकसंख्येचा आकडा आहे. सगळं पाळणाऱ्यालाही होतो, आणि रोज गुटखा खाणारे आजोबा नव्वदीत रमीचा डाव मारतात.

कानाबद्दल प्रत्यक्ष प्रयोगही झालाय. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं, २०२३ मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून पाहिला तर श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे जादू नाही, पण टाकाऊही नाही.

तुळशीवृंदावन

सगळे पाश्चात्त्य अहवाल. आपल्याकडे ब्राह्मी, शंखपुष्पी, हळदीचं दूध हजारो वर्षं आहे. हळदीमुळेच भारतात अल्झायमर नाही, हे त्यांचेच शास्त्रज्ञ सांगतात.

आकडेबहाद्दर

नाही कसा? भारतातल्याच पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे: साठीच्या पुढच्या ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि अल्झायमर हा त्यातला सर्वांत मोठा प्रकार. ती सगळी हळद खाऊनच मोठी झालीत.

हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं आणि माणसांवरच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. ब्राह्मीवर छोटे-छोटे अभ्यास आहेत, पण त्यांवरून डिमेन्शिया टळतो असं म्हणता येत नाही. आणि हे फक्त आपल्या औषधांना लावतोय असं समजू नका. त्यांच्या गिंको बिलोबावर तीन हजारांहून जास्त वृद्धांवर मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. हळद आमटीत घाला, कॅप्सूलचे पैसे वाचवा.

तुळशीवृंदावन

तुम्ही खाऊ नका. माझी आजी ९३ व्या वर्षी पावकी, निमकी, दिडकी न अडखळता म्हणायची. रोज ब्राह्मी घ्यायची.

नाडी_बघू

आजींना नमस्कार. पण पाढ्यांवर जाऊ नका. लहानपणी घोकलेलं शेवटपर्यंत टिकतं. औटकी घडाघडा म्हणणारे आजोबा "मला जेवायला दिलंच नाही" म्हणून तक्रार करतात, पान उचलून अर्धा तासही झालेला नसतो. घरच्यांची फसगत नेमकी इथेच होते: "त्यांना १९६५ चं सगळं आठवतं हो!" जुनं आठवतं म्हणून नवं ठीक आहे असं होत नाही.

ब्राह्मी घेत असाल तर ती पण त्या पिशवीत घालून आणा, एवढंच.

दुपारची_लोकल (डोंबिवली)

आमच्या बाबांचं लिहिते.

बाबा आयुष्यभर डोंबिवली ते मशीद बंदर. निवृत्तीनंतरही गाड्या तोंडपाठ. एकदा दादरला औषध आणायला गेले ते रात्र झाली तरी घरी नाहीत. शेवटी फोन आला खोपोलीहून. रेल्वे पोलिसांना बाकावर बसलेले सापडले. औषधाची पिशवी हातात, परतीचं तिकीट खिशात, सगळं जागच्या जागी. फक्त उतरायचं कुठे ते निसटलं होतं. आणि पोलिसांना आवाज चढवून सांगत होते, आठ-तेराची फास्ट चुकली तर साहेब लेटमार्क लावेल.

डॉक्टरांनी आधीच्या वर्षाबद्दल खोदून विचारलं तेव्हा एकेक निघत गेलं. बाबा वाण्याकडे दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही पाचशेची नोट पुढे करायचे. परत मिळालेले पैसे न मोजता खिशात. आई कपडे धुवायला घेताना पँटच्या खिशातून दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटांचा गठ्ठा काढायची आणि म्हणायची, यांना आता श्रीमंती चढलीये. मुळात त्यांना सुट्ट्यांची बेरीज जमत नव्हती, आणि मोठी नोट दिली की बेरीज करावी लागत नाही. हे झाकायला माणूस किती हुशारी वापरतो!

अल्झायमर निघाला. गोळ्यांनी थोडं सावरतं, बरं होत नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. प्रत्येक शर्टाच्या आत फोन नंबर शिवला, वॉचमन, रिक्षास्टँड आणि वाण्याला सांगून ठेवलं. हल्ली क्यूआर कोडचं लॉकेट मिळतं तेही घातलं. सगळ्यात कठीण होतं ते "अहो, आत्ताच सांगितलं ना!" हे वाक्य तोंडातून जाऊ न देणं. आईला ते शेवटपर्यंत पूर्ण जमलं नाही, आणि मी तिला बोलणार नाही. चोवीस तास तीच होती.

सांभाळणाऱ्याकडे लक्ष द्या. एआरडीएसआय ही अल्झायमरवर काम करणारी संस्था १९९२ पासून आहे, मुंबईतही शाखा आहे. तिथल्या बैठकीत आई पहिल्यांदा मोकळं रडली. नुसतं बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात.

कोरा_मुद्रांक

दुपारची_लोकल, वाचून काही लिहवेना. पण मी वकील आहे, आणि या विषयात लोक सर्वांत उशिरा येतात ते माझ्याकडे.

"बाबांनी मला मुखत्यारपत्र दिलंय, आता काळजी नाही" असं समजून असाल तर थांबा. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, नेमकं त्याच दिवशी ते कागदाचं चिटोरं. काही देशांत अक्षमतेनंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. मग उरतो पालक नेमण्यासाठी न्यायालयाचा रस्ता. उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेत, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

म्हणून जमतंय तोवर बँक खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी संयुक्त करून घ्या. एफडी, डीमॅट, सोसायटीचं भागपत्र, सगळीकडे नामनिर्देशन तपासा. मृत्युपत्र करा आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, पुढे भावंडांत वाद झाला तर तेच कामी येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली उपचारांच्या निर्णयांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, पण त्याला फ्लॅट विकता येत नाही. हे दोन वेगळे विषय आहेत.

कट्ट्यावरचा_बाळू

आता गंभीर प्रश्न. बाबांना मी दिवाळीत मेंदूच्या व्यायामाच्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन दिलं. पाण्यात गेले का?

आकडेबहाद्दर

खेळात मजा येत असेल तर खेळू द्या. माणूस त्या खेळात तरबेज होतो, एवढं नक्की. तो तरबेजपणा वाण्याच्या हिशोबात उतरेल याची खात्री नाही. अमेरिकेत लुमोसिटी या अ‍ॅपच्या कंपनीला, खेळातला तरबेजपणा रोजच्या कामात उतरतो अशा दाव्यांपायी, २०१६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले.

त्यापेक्षा आपल्याकडचं एक सांगतो. हैदराबादच्या ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही. नंतरचे सगळे अभ्यास याला दुजोरा देत नाहीत. पण घरी मराठी, मासळीवालीशी कोळी, वाण्याशी गुजराती आणि रिक्षावाल्याशी आपलं ते बंबईया हिंदी, हा व्यायाम मुंबईकराला फुकट आहे. बाबांना बाजारात पाठवा.

चिंचगूळ

आणि प्रदूषण? यादीत आहे म्हणता. आमच्या चेंबूरला खिडकी उघडली की तव्यावर बोट फिरवल्यासारखं होतं. एलडीएल मी कमी करेन, हवेचं काय करू?

आकडेबहाद्दर

हवेचं एकट्याने फार काही करता येत नाही, खोटं कशाला बोलू? थंडीत सकाळची हवा सहसा जास्त खराब असते, तेव्हा फिरायला थोडं उशिरा जा, मोठ्या रस्त्याच्या कडेने नको. समोरच्या बांधकामाला हिरवं कापड नसेल तर वॉर्ड ऑफिसात तक्रार करा. यादीतला हा भाग पालिकेचा आणि सरकारचा आहे, तो माणसाच्या 'जीवनशैली'त ढकलू नये.

खिडकीची_जागा

अपडेट. आईला वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत नेलं (धन्यवाद, तिघांनी माझ्या विपूत, म्हणजे विचारपुशीत, तेच नाव सुचवलं). काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. मला कळत होतं की आवाज चालू आहेत, कारण ऑडिओलॉजिस्टचा हात हलत होता. आई शांत बसून होती, बटणावर अंगठा ठेवून, अगदी मन लावून.

दोन्ही कानांत मध्यम बहिरेपण. वर बी १२ कमी, इंजेक्शनं सुरू झालीत. "गुरुवारी" तिला ऐकूच गेलं नसावं. पण फिजिशियन म्हणाले, सगळं कानावर ढकलून मोकळ्या होऊ नका, चाचणीत शब्द आठवण्यात थोडे गुण गेलेत, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मशीनला मात्र नाही म्हणते. चष्मा चालतो, कवळी चालते, पण कानात काही घातलं की म्हातारी दिसते म्हणे.

दुपारची_लोकल

सासूबाईंचं सांगते. आधी तासभर, तेही शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना. पहिल्या दिवशी पंखा, कुकरची शिट्टी, स्वतःच्याच बांगड्या, सगळं अंगावर येतं, आणि माणूस यंत्र काढून कपाटात ठेवतो ते कायमचं. लग्नात किंवा हळदीकुंकवात पहिल्यांदा लावूच नका. आवाज जुळवायला परत परत जावं लागतं, ते धरूनच चाला. आणि रिचार्जेबल घ्या, त्या बारीक बॅटऱ्या थरथरत्या बोटांना जमत नाहीत.

कट्ट्यावरचा_बाळू

डॉक्टर, जाता जाता. एका लॅबचं पॅकेज आलंय, मेंदूचा एमआरआय आणि अल्झायमरची जीन टेस्ट, पन्नाशीच्या आतल्यांना सवलत. करू?

नाडी_बघू

काही त्रास नसताना? नको. एमआरआयमध्ये काहीतरी पांढरा ठिपका सापडेल आणि तुम्ही महिनाभर झोपणार नाही. जीन टेस्ट बहुधा एपीओई-४ ची, म्हणजे अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाच्या प्रकाराची, असणार. तो असलेल्या अनेकांना हा आजार होत नाही आणि नसलेल्यांना होतो, शिवाय निकाल काहीही आला तरी मी तुम्हाला तेच सांगणार. त्या पैशात बीपीचं चांगलं यंत्र घ्या, दंडावर बांधायचं, मनगटावरचं नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे लिहा आणि एलडीएलच्या रिपोर्टसोबत जवळच्या डॉक्टरला दाखवा. शेवटचं बीपी कधी मोजलं होतं, बाळूशेठ?

कट्ट्यावरचा_बाळू

कोविडची लस घेताना.

नाडी_बघू

उद्या मोजा.